पाहुणीचं पान

प्रांजलच्या आईला टीव्हीवरच्या मालिका आवडत नाहीत. तिला भांडायला कोणीतरी लागतं आणि मालिकेतल्या बायका उलटून बोलत नाहीत. म्हणून दुपारची भांडी आवरली की प्रेमा पेडणेकर फोन घेऊन खाटेवर बसते, यूट्यूबवर ‘वाढा की!’ लावते आणि भाग संपायच्या आत खाली कमेंट लिहायला घेते. एका बोटाने, ओठ हलवत, अक्षर अक्षर शोधून.

‘वाढा की!’ हा खाण्याचा आणि फिरण्याचा कार्यक्रम. त्यातली नीलम वाघमारे गावोगाव जाते, लोकांच्या चुलीपाशी बसून जेवते आणि मनात येईल ते कॅमेऱ्याकडे बघून बोलते. जेवण चांगलं असेल तर बोटं चाटते, वाईट असेल तर तसं तोंडावर सांगते. देवळाच्या पंगतीत जेवताना ‘इथे बायका शेवटी का जेवतात हो?’ असं तिने पुजाऱ्यालाच विचारलं होतं. लाखो लोक तिला बघतात आणि त्यातले निम्मे फक्त शिव्या घालायला येतात. जेवणाचा कार्यक्रम आहे की भाषणाचा. ताई, आवाज खाली ठेवा. आधी घरी वरणभात करायला शिका. बाईने एवढं बोलू नये, हे सांगायला लोक केवढं बोलतात!

प्रेमाच्या कमेंट त्यातल्या नव्हत्या. तिचा राग स्वयंपाकावर असायचा. ‘खोबरे भाजताना जाळ मोठा ठेवलात. करपले. सगळे कडू होणार. — प्रेमा, चारकोप.’ नाव वर आपोआप येतं हे लेकीने कितीदा सांगितलं, पण पत्रासारखी सही केल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. नीलमला या सहीवाल्या बाई फार आवडायच्या. त्यांना ती न चुकता उत्तर द्यायची. ‘काकू, करपलंच होतं. तरी मी चाटून पुसून खाल्लं.’ मग प्रेमा ते उत्तर शेजारच्या सोनूबाईंना वाचून दाखवायची.

गंमत म्हणजे प्रांजल त्याच कार्यक्रमात नोकरीला होती. अंधेरीला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्यांचं ऑफिस. नीलम, कॅमेरा आणि एडिटिंग करणारा देवेश आणि कमेंट सांभाळणारी प्रांजल, एवढाच कारभार. आई तांदूळ निवडते तशी ती दिवसभर कमेंट निवडायची. टीका असेल तर ठेवायची, शिवीगाळ असेल तर लपवायची. चारकोपच्या प्रेमाबाई म्हणजे आपलीच आई, हे मात्र तिने ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. खरी लाज कशाला म्हणतात हे तोवर तिला ठाऊक नव्हतं.

मग नीलमने स्वतःच्या आजीवर भाग केला. शांताबाई, घाटकोपरला राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. आजीने हुलग्याचं माडगं केलं, भाकरी थापली, आणि थापता थापता सांगून गेली की लहानपणी गावातल्या लग्नात त्यांना शेवटच्या पंगतीला, गोठ्याच्या कडेला बसवत. हात न लागू देता वरून वाढत. ‘आणि जेवलं की आपली पत्रावळ आपणच उचलायची. बसलेली जागा पुसून द्यायची. मगच निघायचं.’ आजी हे हसत सांगत होती. नीलम हसली नाही. ती कॅमेऱ्याला म्हणाली, ‘आपली खाद्यसंस्कृती, आपली खाद्यसंस्कृती म्हणून नाचतो ना आपण? ही पण त्यातलीच. चव घ्यायची तर सगळी घ्या.’

त्यानंतर ज्या शिव्या आल्या त्या लपवता लपवता प्रांजलची बोटं दुखली. आणि त्या ढिगात एक सभ्य कमेंट होती. ‘जेवणात जात कशाला आणता? जुन्या गोष्टी झाल्या. आमच्याकडे असले काही नाही. विश्वास नसेल तर घरी जेवायला या. — प्रेमा, चारकोप.’

नीलमने ती वाचली आणि टेबलावर थाप मारली. ‘झकास! जाऊया. पुढचा भाग काकूंच्या घरी. प्रांजल, पत्ता मिळव.’

प्रांजल म्हणाली, ‘पत्ता आहे माझ्याकडे.’ आणि मग सांगून टाकलं. देवेश हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. नीलमने तिला मिठी मारली. ‘अगं, एवढे दिवस बोलली का नाहीस? तुझ्या आईच्या हातचं न खाता मी मेले असते ना!’

घरी आईला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग कामाला लागली. चारकोपच्या सेक्टरमधलं त्यांचं घर लहान, पण त्या आठवड्यात ते असं घासलं गेलं की बाबांना पाय कुठे ठेवावा कळेना. बाबा म्हणजे लवू पेडणेकर, कुरिअर कंपनीतून निवृत्त झालेला गरीब माणूस, बायकोच्या पुढे न बोलणारा. बेत ठरला: वडे, कोंबडीची सागोती, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. आईने भरणीतला मसाला हुंगून बघितला, पसंत पडला नाही, आणि नवीन मसाला भाजला. अख्ख्या गल्लीला ठसका लागला. हे सगळं ती मनापासून करत होती, यात प्रांजलला आजही शंका नाही.

शूटिंगच्या सकाळी बाबा बाजारातून केळीची पानं आणि द्रोण घेऊन आले.

‘द्रोण?’ प्रांजल म्हणाली. ‘आई, सागोती द्रोणात?’

त्यांच्या घरात जेवायला स्टीलची ताटं असतात, प्रत्येकावर नाव कोरलेलं. पाहुण्यांसाठीची सहा मोठी ताटं वेगळी, माळ्यावरून काढायची. द्रोणातून रस्सा गळतो म्हणून पूजेच्या जेवणालासुद्धा आई द्रोण आणू देत नसे.

‘कॅमेऱ्यात बरं दिसतं,’ आई म्हणाली. ‘तिला पानावर वाढू. मान असता तो.’

‘मला आपलं ताटात वाढ गं,’ बाबा म्हणाले. ‘पानावरून रस्सा पळतो.’

‘आज पानावरच,’ आईने त्यांना गप्प केलं.

प्रांजलला बरं वाटलं. आईला शोभा कळते असं वाटलं. नीलमसाठी पाण्याची सीलबंद बाटली आणलेली बघूनही तिला आईचं कौतुकच वाटलं, की बाहेरून येणाऱ्या माणसाचं पोट बिघडू नये याचा विचार आहे. माणूस आपल्या आईकडे बघताना केवढा ढ होऊ शकतो!

नीलम आली ती आल्याबरोबर वाकून नमस्कार करायला गेली. आई मागे सरकली. ‘असूंदे, असूंदे, नमस्कार कसला,’ म्हणाली. सगळे हसले. देवेशने कॅमेरा दाराजवळ लावला. जमिनीवर दोन पाट मांडले, एकावर बाबा, एकावर नीलम. आई वाढायला आणि प्रांजल हाताखाली.

जेवण अप्रतिम झालं होतं. नीलमने वडा मोडून सागोतीत बुडवला आणि डोळे मिटले. मग एकदम उघडून म्हणाली, ‘काकू, वाट लागली! आता मी दुसरीकडे काय खाऊ?’ आई लाजली. पहिल्यांदा कोणीतरी तिच्या रांधण्याकडे असं बघत होतं. ती वडे वाढत राहिली, आग्रह करत राहिली. द्रोण गळला, रस्सा पानाबाहेर आला, बाबांनी तो बोटाने अडवला आणि नीलम खळखळून हसली.

‘बघा,’ आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, ‘मी लिहिलं होतं ना? आमच्याकडे असलं काही नाही.’

‘नाहीच आहे काकू,’ नीलम म्हणाली. ‘मी हरले.’

जेवण संपलं. नीलमने पान आपल्या बाजूला दुमडलं, रीतीप्रमाणे. बाबांनीही दुमडलं. आईने बाबांचं पान उचललं. प्रांजल नीलमचं पान उचलायला पुढे झाली, वाकली. पाहुण्याचं पान घरच्यांनी उचलायचं, हे लहानपणापासून हाताला लागलेलं. मागून आईचा आवाज आला, हळू, पण कॅमेऱ्याला ऐकू जाईल एवढा.

‘ऱ्हवांदे गो. ती उचलतली.’

आणि मग मोठ्याने, गोड आवाजात, ‘नीलम, तुझं पान तेवढं त्या पिशवीत टाक हां. मोरीच्या बाजूला आहे बघ.’

प्रांजल सरळ झाली. का झाली? आई म्हणाली म्हणून. तिच्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि या उत्तरावर तिला स्वतःलाच थुंकावंसं वाटतं.

बाबांनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं. नीलमने क्षणभर आईकडे बघितलं, मग प्रांजलकडे. एरवी पुजाऱ्याला न सोडणारी बाई. तिने पान उचललं, मोरीपाशी पिशवीत टाकलं, हात धुतले. मग तिथेच वाळत टाकलेलं फडकं ओलं करून आणलं आणि आपण बसलो होतो ती जागा पुसली. पाट पुसला, गळलेला रस्सा पुसला, कोपऱ्यापर्यंत. आई बघत होती. ‘कशाला गं’ असं सुद्धा म्हणाली नाही.

शांताबाईंच्या त्या भागाचे लहान तुकडे प्रांजलनेच यूट्यूबवर टाकले होते. ‘बसलेली जागा पुसून द्यायची. मगच निघायचं.’ आजीचं ते वाक्य तिला पाठ होतं.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, ‘आई, पान का उचलू दिलं नाहीस?’

‘मग काय झाला? एवढी पोटभर जेवली. एक पान उचलल्यान तर काय हात झिजले तिचे?’

‘बाबांचं तू उचललंस.’

‘बाबा तुझे घरचे हत,’ आई म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी घासायला फारशी भांडी नव्हतीच. पानं, द्रोण, बाटली, सगळं पिशवीत गेलं होतं. प्रांजल त्या रिकाम्या मोरीकडे बघत राहिली आणि तिला सकाळपासूनचं एकेक कळत गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात देवेशने विचारलं, शेवट कुठे कापायचा. नीलम म्हणाली, ‘प्रांजलचं घर आहे. ती ठरवेल.’ आणि खाली चहा प्यायला निघून गेली.

प्रांजलने काय ठरवलं? तिने आईची दोन्ही वाक्यं काढायला लावली. आवाज बंद, वरून संगीत. नीलम स्वतः पान उचलते, जागा पुसते, हे चित्र मात्र ठेवलं. तिला वाटलं, लोकांना नीलमचा साधेपणा दिसेल. इतकी बोलकी बाई, पण जमिनीवर बसून फडकं फिरवते. आईची अब्रू राहील आणि नीलमचं नाव होईल. दोन्हीकडून चांगलं राहायचं होतं तिला. देवेशने तिच्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं तसं केलं.

भाग आला आणि प्रेमा पेडणेकर रातोरात लाडकी झाली. काय ती माया, काय तो पाहुणचार! केळीच्या पानावर, जुनी पद्धत जपणारी माउली. काकूंचाच कार्यक्रम सुरू करा. आणि नीलम? ‘संस्कृतीवर बडबड करते आणि एवढं माहीत नाही की पाहुण्याने पान उचलायचं नसतं!’ ‘यजमानीण उभी असताना स्वतः पान उचलणं हा त्या बाईचा अपमान आहे.’ ‘फडकं कशाला मारलं? नाटक. आजीची गोष्ट खरी वाटावी म्हणून.’ ‘एवढ्या प्रेमाने जेवू घातलं तरी यांचं रडगाणं सुरूच.’

मराठी माणसाला पंगतीची रीत पाठ असते. प्रांजललाही होती. तरी तिच्या हे लक्षात आलं नव्हतं की रीत माहीत असलेला प्रत्येक जण त्या चित्रात नीलमचीच चूक बघेल, कारण चूक करणारीचा आवाज तिनेच बंद केला होता.

घरी सोनूबाई पेढे घेऊन आल्या. सेक्टरमधल्या बायका आईला रस्त्यात थांबवायला लागल्या. कोणीतरी कमेंटमध्ये सरळ विचारलं, ‘काकू, खरं सांगा, तिने पान का उचललं?’ आणि खाली उत्तर आलं. ‘तिला रीत माहीत नसेल. आपण कशाला बोलायचे. मुलगी गुणी आहे. — प्रेमा, चारकोप.’

त्या उत्तराला हजारो लोकांनी लाइक केलं होतं. प्रांजलने ते ऑफिसात, आपल्या टेबलावर वाचलं आणि तिच्या कानशिलापर्यंत आग गेली. समोर नीलम तेच वाचत होती. नीलम प्रत्येकाला उत्तर देते, शिवी देणाऱ्यालाही टोला देते. या भागाखाली तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

‘तू का गप्प आहेस?’ प्रांजलने विचारलं. ‘सांग ना लोकांना.’

‘काय सांगू? तुझी आई आहे ती.’

‘सॉरी, नीलम. आईतर्फे…’

‘आईतर्फे नको,’ नीलम म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. ‘काकूंसारखी माणसं मी जन्मल्यापासून बघतेय. त्यांचा मला धक्का नाही बसला. तू वाकली होतीस, प्रांजल. मी बघितलं. मला वाटलं, चला, ही उचलतेय. मग तू सरळ झालीस.’

प्रांजलला रडू आलं, पण रडायची सोय नव्हती. इथे रडणं म्हणजे नीलमलाच समजूत घालायला लावणं. ती जिना उतरून खाली गेली, गाळ्याच्या पायरीवर बसली, आणि आपण किती स्वस्तात आईला आणि स्वतःला वाचवलं याचा विचार करत राहिली. मग वर येऊन म्हणाली, ‘मी तो शेवट आवाजासकट टाकू?’

‘तुझं घर,’ नीलम म्हणाली. ‘तू ठरव.’

या वेळी तिने आधी आईला दाखवलं. दुपारी, खाटेवर बसवून. पडद्यावर तिचाच आवाज आला, ‘ऱ्हवांदे गो. ती उचलतली.’ आईने फोन कानाजवळ नेला, जणू दुसऱ्याच कोणाचा आवाज असावा. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, ‘लोक ह्या बघतले?’

‘हो.’

‘आईची अब्रू काढतलंस?’

‘तू तिची काढलीस ती? रीत माहीत नसेल म्हणून लिहिलंस. आई, रीत तिला माहीत होती. दुमडलं होतं तिने पान.’

खिडकीत बसलेले बाबा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मध्ये बोलले. ‘टाक गो बाय. मी पण तिथेच बसलेलो.’

प्रांजलने तो तुकडा टाकला आणि वर स्वतःच्या नावाने लिहिलं: ‘हे माझं घर आहे. ते पान उचलायचं काम माझं होतं. मी वाकले आणि थांबले. आवाज मीच बंद करायला लावला होता.’

लोकांना काय, आज हार तर उद्या चप्पल. कालपर्यंत माउली म्हणणारे आता आईला काय काय म्हणू लागले. तिच्या वयावर, रूपावर, गावावर. प्रांजल लपवायला बसली, पण आपल्या आईवरच्या शिव्या निवडताना तिचा हात चालेना. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की शिव्या आपोआप कमी होतायत. समोरच्या टेबलावर नीलम मान खाली घालून एकेक कमेंट लपवत होती. एका कमेंटखाली तिने लिहिलं होतं, ‘त्यांच्या हातचं मी जेवले आहे. चूक सांगा, शिवी नको.’

ते उत्तर आईने वाचलं. किती वेळा वाचलं कोण जाणे. पेढ्यांचा पुडा तसाच कपाटावर होता, तो तिने सोनूबाईंच्या पोराला देऊन टाकला. जेवली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि फोन घेऊन प्रांजलपुढे आली. ‘तू लिही गो माझ्या वतीने. तुका बरा जमता.’

‘तूच लिही,’ प्रांजल म्हणाली. ‘तुझ्या नावाने.’

आई खाटेवर बसली. लिहायची, पुसायची. पडदा काळा झाला की बोटाने पुन्हा उजळायची. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाबांनी उठून गॅस बंद केला. अखेर तिने फोन खाली ठेवला आणि चेहऱ्याला पदर लावून भिंतीकडे तोंड करून पडली. प्रांजलने बघितलं.

‘पान उचलायला मीच सांगितले. नीलमला रीत माहीत होती. मी खोटे लिहिले. ताटे होती घरात. काढली नाहीत. मला माफ कर. — प्रेमा, चारकोप.’

नीलमने त्याला उत्तर दिलं नाही. हसरं चित्र नाही, हृदय नाही, काही नाही. प्रांजल रोज तिच्या समोर बसते, दोघी कामाचं बोलतात, चहा वाटून पितात. त्या कमेंटचा विषय नीलम काढत नाही आणि प्रांजलला कुठल्या तोंडाने काढावा कळत नाही.

आई रोज सकाळी दूध तापत ठेवते आणि तो भाग उघडून आपल्या सहीखाली बघते. परवा तिने विचारलं, ‘तिनं वाचला असात मां?’

‘वाचलंय,’ प्रांजल म्हणाली. ‘सगळ्या कमेंट वाचते ती.’

आईने मान हलवली आणि दूध उतरवलं.